ग्लिडनची काटेरी तार, १८७४ : मालाचे परीक्षण

कुंपणाची तार पाहताना आधी एक काटा दोन बोटांत धरावा आणि तारेवरून सरकवून पाहावा. ग्लिडनच्या तारेचा काटा जागचा हलत नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या डिकाल्बचा शेतकरी जोसेफ ग्लिडन याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी या तारेचे पेटंट मिळाले, क्रमांक १५७१२४. काटेरी तारेची कल्पना काही त्याची नव्हती. ल्युसियन स्मिथने १८६७ मध्ये आणि मायकेल केलीने १८६८ मध्ये आपापली पेटंटे घेतलेली होती. १८७३ मध्ये डिकाल्बच्या जत्रेत हेन्री रोझने टोकदार तारा ठोकलेली लाकडी पट्टी मांडली होती, ती पाहून ग्लिडन कामाला लागला. त्याची स्वतःची भर एकच, पण मोलाची : वेढलेला काटा दुसऱ्या तारेच्या पिळात जखडणे.

एकेरी तारेवर नुसता काटा गुंडाळला तर तो सैल पडतो, गोल फिरतो, आणि गुरांनी अंग घासले की चारसहा काटे एका ठिकाणी गोळा होऊन मधला पट्टा मोकळा राहतो. ग्लिडनने आखूड तारेचा तुकडा एका तारेभोवती वेढला, त्याची दोन टोके विरुद्ध बाजूंना बाहेर ठेवली आणि मग दुसरी तार पहिलीभोवती पिळली. पिळात काटा चिमटला जातो. काटे वळवायला त्याने कॉफी दळायच्या हातगिरणीत फेरफार केला होता, आणि पीळ द्यायला धार लावण्याच्या दगडाचे हँडल वापरले होते.

पिळाचा दुसरा फायदा पेटंटाच्या भांडणांत मागे पडला, पण कुंपण उभारणाऱ्याला तोच जास्त उपयोगी. अर्धा मैल लांब ताणलेली तार ५० अंश सेल्सियसच्या फरकाने जवळजवळ अर्धा मीटर आखडू पाहते, आणि प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मुलखात, उन्हाळा-हिवाळ्यात एवढा फरक सहज पडतो. साधी गुळगुळीत तार म्हणूनच उन्हाळ्यात लोंबायची आणि थंडीत तुटायची. पिळाची दुहेरी तार स्प्रिंगसारखी थोडी देते, थोडी घेते. डिकाल्बचाच जेकब हेश याच्या ‘एस’ काट्याची तारही चांगली. तिच्यात काटा दोन्ही तारांना धरून बसतो. तरी रचनेचा साधेपणा पाहिला तर पसंती ग्लिडनलाच.

या तारेआधी तिथे काय होते, हे पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये दगड होता, ओहायोत लाकूड होते. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल दोन्ही नाही. ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई लावत. घोड्याला उडी मारता येऊ नये, बैलाला रेटता येऊ नये आणि डुकराला शिरता येऊ नये अशी वई हवी, असे तिथले लोक म्हणत. ती तशी व्हायला तीनचार वर्षे लागायची आणि तोवर पीक गुरांच्या पोटात गेलेले असायचे.

आता हिशेब. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वस्ती करून कसणाऱ्याला सरकारकडून मिळणारी १६० एकरांची चौकोनी जमीन बाजूला अर्धा मैल, म्हणजे परीघ दोन मैल, ६४० रॉड. रॉड म्हणजे साडेसोळा फूट. तार ढोबळमानाने रॉडला एक पौंड भरते. तीन पदरी कुंपणाला १,९२० पौंड तार लागली. १८७४ मध्ये शंभर पौंडांना २० डॉलर पडत, म्हणजे नुसती तार ३८४ डॉलरची. जमिनीच्या अर्जाचे शुल्क १० डॉलर होते! १८८० मध्ये दर १० डॉलर झाला, १८८५ मध्ये ४ डॉलर २० सेंट, १८९७ मध्ये १ डॉलर ८० सेंट. तेच कुंपण तेव्हा ३५ डॉलरच्या आत बसले. विक्री १८७४ च्या १०,००० पौंडांवरून १८८० मध्ये ८ कोटी पौंडांवर गेली. या वाढीमागे मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरची वॉशबर्न अँड मोएन कंपनी होती. तिने १८७६ मध्ये ग्लिडनचा अर्धा हिस्सा ६०,००० डॉलर आणि शंभर पौंडांमागे २५ सेंट रॉयल्टी देऊन घेतला आणि काटे बसवण्याचे काम स्वयंचलित यंत्रांवर नेले. परवान्याशिवाय बनवलेली स्वस्त तारही बाजारात भरपूर होती आणि खटले वर्षानुवर्षे चालले. सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये ग्लिडनच्या बाजूने निकाल दिला तेव्हा पेटंटाची १७ वर्षांची मुदत संपलेली होती.

हिशेबात खांब विसरू नयेत. रॉडला एक धरला तरी ६४० खांब लागतात आणि झाडे नसलेल्या मुलखात तेच अवघड. मध्य कॅन्ससच्या स्मोकी हिल्स भागात लोकांनी चुनखडीचे खांब वापरले. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, भोके पाडून पाचरींनी सरळ चिरता येतो, आणि हवा लागली की कठीण होतो. खांब अडीचशे-तीनशे पौंडांचा, कधी त्याहूनही जड. त्यातले कितीतरी आजही उभे आहेत.

कुंपण ढासळते ते बहुधा कोपऱ्यातून. तारेचा सगळा ओढा कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो खोल पुरून त्याला तिरका टेकू दिला नाही तर पहिल्याच हिवाळ्यात आत झुकतो आणि अख्खी बाजू सैल पडते. तार गाडीवरून उलगडत न्यावी. ताणायला कप्पी-दोर वापरावा, किंवा गाडीचे मागचे चाक उचलून त्यावर तार गुंडाळत ओढावी. भर उन्हात तार कडक ताणू नये. थंडीत आखडायला जागा हवी. तार खांबाच्या गुरांकडच्या बाजूला ठोकावी, म्हणजे रेटा खांबावर जातो, खिळ्यांवर नाही. यू आकाराचा खिळा थोडा तिरका मारावा, नाहीतर लाकूड रेषेत फाटते; आणि पूर्ण आत ठोकू नये. तार खिळ्यातून सरकली पाहिजे, म्हणजे एका ठिकाणचा धक्का लांबवर वाटला जातो.

आता दोष. सगळ्यात मोठा म्हणजे ही तार दिसत नाही. लाकडी कुंपण लांबून दिसते. ही घोड्याला छातीला लागल्यावर कळते, आणि घाबरलेला घोडा मागे सरकण्याऐवजी झटापट करून पाय फाडून घेतो. त्या काळी टेक्सासमध्ये अशा जखमेत स्क्रूवर्म माशी अंडी घालायची, तिच्या अळ्या जिवंत मांस खायच्या, आणि लहानशा ओरखड्याने जनावर दगावायचे. पुढे लाकडी ठोकळे, पत्र्याचे तुकडे, रुंद पट्ट्या लावून तार दिसेल असे करणारी पेटंटे निघाली. घोडे असतील तिथे जादा पैसे देऊन तशीच तार घ्यावी. विजेचाही धोका आहे : वीज तारेवर पडली की धक्का लांबवर जातो, म्हणून ठरावीक अंतरावर एक तार जमिनीत उतरवावी. आणि गंज. बेसेमर पोलादाची (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्तात केलेल्या पोलादाची) तार लोखंडी तारेपेक्षा बळकट निघाली, पण लवकर गंजते अशा शेतकऱ्यांच्या तक्रारी कृषी खात्यापर्यंत पोहोचल्या. जस्ताचा मुलामा जाड आणि सलग आहे की नाही, हे पाहूनच माल घ्यावा.

एक गुण मात्र बनवणाऱ्यांच्याही मनात नव्हता. १८९३-९४ मध्ये बेलच्या टेलिफोन पेटंटांची मुदत संपल्यावर शेतकऱ्यांनी कुंपणाच्या वरच्या तारेवरून गावोगाव टेलिफोन चालवले.

कोणाची जमीन वेढली, याचा दोष तारेला देता येत नाही, पण परीक्षणातून तो वगळणेही बरोबर नाही. टेक्सासमध्ये मोठ्या गुरेवाल्यांनी सरकारी जमीन, दुसऱ्यांची शेते, रस्ते आणि पाणवठेसुद्धा तारेत घेतले. १८८३ च्या दुष्काळात पाणी आटले आणि रातोरात मैलोन्‌मैल कुंपणे तोडली गेली. गव्हर्नर जॉन आयर्लंड यांनी जानेवारी १८८४ मध्ये विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. कुंपण तोडणाऱ्याला एक ते पाच वर्षे तुरुंगवास ठरला; दुसऱ्याची किंवा सरकारी जमीन वेढणे मात्र किरकोळ गुन्ह्यात गेले. हा तोल उघडपणे मोठ्यांकडे झुकलेला होता. एक नियम चांगला झाला : सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या कुंपणाला दर तीन मैलांवर फाटक. वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी १८८५ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरची कुंपणे बेकायदा ठरवली.

त्याच सुमारास टेक्सासच्या पॅनहँडल या उत्तरेकडच्या पट्ट्यातल्या गुरेवाल्यांनी उत्तरेची गुरे आपल्या चराईत उतरू नयेत म्हणून पूर्व-पश्चिम सुमारे २०० मैलांची तार उभी केली होती. हिमवादळात गुरे वाऱ्याला पाठ देऊन चालत राहतात, आडोसा मिळेपर्यंत. जानेवारी १८८६ च्या वादळात ती दक्षिणेकडे निघाली आणि या तारेपाशी अडली. मागची पुढच्यांवर चढत गेली, आणि हजारो गुरे तिथेच गोठून मेली. तार तुटली नव्हती.