डॉवेल बार: केजवर मांडायचे की पेव्हरने दाबायचे?

सोलापुरात अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीकडचा काँक्रीट रस्ता घेणार असाल, तर डॉवेल बार, म्हणजे दोन स्लॅबच्या सांध्यात घालायच्या सळया, कसे बसवणार हे टेंडर भरतानाच ठरवा. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जातात तेव्हा भार पलीकडे पोचवतात ते हेच बार. ते तिरके बसले की स्लॅब आकसताना अडकतो आणि सांध्याशेजारीच तडा जातो.

इन्सर्टर लावलेला स्लिपफॉर्म पेव्हर, म्हणजे साच्याशिवाय काँक्रीट पसरत पुढे सरकणारं यंत्र, ताज्या काँक्रीटमध्ये बार कंप देत दाबतो. पुढे केज, म्हणजे बार आधीच मांडून ठेवायची सळयांची घोडी, नसल्याने डंपर थेट पेव्हरसमोर माल ओततो. लांब, रुंद, मोकळ्या रस्त्याला याला तोड नाही. पण माल एकसारखा हवा. गाडी पातळ आली की बार खाली सरकतात, घट्ट आली की वरची खाच नीट भरत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना स्लम्प, म्हणजे मालाचा पातळ-घट्टपणा, टिकवणं सोपं नाही. सुरुवातीच्या तुकड्यात एखादा सांधा ओला असतानाच उकरून बार मोजून बघाच.

शहरातल्या कामाला मात्र मी केजच सुचवेन. चेंबर, वळणं, अर्धा रस्ता चालू, तिथे पेव्हरला वावच नसतो. केजमध्ये काँक्रीट पडण्याआधी सगळं डोळ्यांनी दिसतं: २५० मिमी स्लॅबला ३२ मिमीचे, ४५० मिमी लांबीचे बार, ३०० मिमी अंतरावर, स्लॅबच्या मधोमध. केज डीएलसीला, म्हणजे स्लॅबखालच्या कोरड्या काँक्रीटच्या थराला, दोन्ही बाजूंनी खिळ्यांनी पक्की करा, नाहीतर मालाच्या रेट्याने ढकलली जाते. आधी केजवर हाताने माल टाकून व्हायब्रेटर फिरवा, मग पुढची गाडी ओता. सांध्याची खूण दोन्ही कडांना रस्त्याबाहेर करा, कारण काँक्रीट पडल्यावर बार दिसत नाहीत आणि सांधा कापणारा कटर बरोबर त्यांच्या मध्यावरच चालला पाहिजे. मजुरी जास्त लागते, वेग कमी. तो खर्च दरात धरा.

जुन्या स्लॅबला नवा जोडायचा असेल तर ड्रिल मारून, भोक फुंकून, इपॉक्सी आतून बाहेर भरत बार फिरवत घाला. नुसता बार बुडवून ठोकला तर मागे पोकळी राहते.

पद्धत कोणतीही असो, बार गुळगुळीत गोल सळईचेच. उरलेले टीएमटीचे, म्हणजे कंगोरे असलेल्या सळईचे, तुकडे टाय बारला (शेजारच्या दोन पट्ट्या बांधून ठेवणाऱ्या सळयांना) चालतील, डॉवेलला अजिबात नाही.