"बेल्ट नुकताच बदललाय साहेब": 82,860 रुपयांची थाप

जुनी गाडी घेतली, तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) तुटला आणि इंजिन गेलं. टोइंगचे 4,500 आणि गॅरेजचं बिल 78,360. एकूण 82,860 रुपये. नवा बेल्ट, तो ज्यांच्यावरून फिरतो ती चाकं (टेन्शनर, आयडलर), वॉटर पंप आणि मजुरी धरून आमच्या फिटरने तुटण्याआधी बेल्ट बदलायचे 11,500 सांगितले होते. ते मी केलं नाही, कारण ते झालेलं आहे असं सांगूनच मला गाडी विकली होती. हे आधीच लिहितो, कारण ओळखीतला जो तो सध्या "टायमिंग बेल्ट वेळेवर बदलायचा असतो रे" असं ऐकवून जातोय. मला माहीत होतं. म्हणून तर गाडी घेताना पहिला प्रश्न तोच विचारला होता.

गाडी 2013 ची डिझेल हॅचबॅक, किंमत 2,85,000. जाहिरातीत नेहमीचीच आरती: सिंगल ओनर, कंपनी मेंटेन्ड, नॉन-अ‍ॅक्सिडेंट. मीटरवर रनिंग 64,350. बॉनेट उघडल्यावर आत पिवळा स्टिकर, त्यावर मार्करने लिहिलेलं: 'टी. बेल्ट 58,200 ला बदलला.' बिल मागितलं, तर विक्रेता हसला. "बिल कशाला साहेब, स्टिकर आहे की. अजून 50 हजार बघायचं काम नाही." सर्व्हिस हिस्टरी मागितली, तर म्हणे मूळ मालकाचा ओटीपी लागतो आणि मालक परदेशात आहे.

आणि मग ते क्लचचं पेडल. रात्री झोप लागत नाही ती त्याच्यामुळे. टेस्ट ड्राइव्हला बसलो, पाय ठेवला आणि बूट घसरला. खाली वाकून पाहिलं, तर पेडलचं रबर एका बाजूने पार गुळगुळीत झालेलं, रेषासुद्धा शिल्लक नाहीत. 64 हजारांत असं होतं का? मी हे मोठ्याने विचारलं. उत्तर तयारच होतं: "आधी मॅडम चालवायच्या साहेब, हिल्स घालून." शेजारी बसलेला त्याचा पोऱ्या खिडकीबाहेर बघत होता. गाडी उत्तम चालत होती, एसी गार, स्टिअरिंगला नवं कव्हर. (नवं कव्हर! त्याखालचं चामडं किती झिजलंय ते कोण बघणार?) बॉनेटमध्ये सगळीकडे दहा वर्षांची धूळ आणि तो स्टिकर मात्र काल चिकटवल्यासारखा चकचकीत. बेल्टच्या प्लास्टिक कव्हरचे बोल्ट पाहिले असते तर डोक्यांत माती घट्ट बसलेली दिसली असती, म्हणजे त्यांना पाना लागलेलाच नाही. पण गाडी घ्यायला गेलेला माणूस बोल्टची डोकी तपासतो का? तुम्ही तपासता?

त्यानंतर फिटरने एकदा म्हटलंही होतं, "जुनी गाडी आहे, बेल्ट एकदा टाकूनच घ्या." मी स्टिकर दाखवला. तो गप्प बसला. 6,000 किमी झालेल्या बेल्टवर पुन्हा 11,500 कोण घालेल?

खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन गेलं. आधी आवाज नाही, धक्का नाही, डॅशबोर्डवर दिवाही नाही. एक 'टक्', इंजिन बंद आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. मागे ट्रक होते, गाडीत आई होती, एवढंच लिहितो. सेल्फ मारला तर इंजिन भर्रकन, बिनजोर फिरलं. हे लक्षात ठेवा: असं हलकं फिरलं की हात काढा, पुन्हा सेल्फ मारू नका, जेवढं फिरवाल तेवढं वाढतं. बेल्ट तुटला की पिस्टनला जोडलेला क्रँक फिरत राहतो आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम थांबतो. उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतात. आठपैकी सहा वाकले, व्हॉल्व्ह दाबणारे चार रॉकर तुटले, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागलं.

फिटरने तुटलेला बेल्ट हातात ठेवला. कडांना भेगा, मधले दात सपाट. "हा कंपनीतून आलेलाच आहे," म्हणाला. मग एका अधिकृत वर्कशॉपला गाडी नंबर दिला. माझ्याच आरसी बुकवर हिस्टरी निघाली, ओटीपी वगैरे काही लागलं नाही. 2021 ची शेवटची नोंद: 1,31,700 किमी. बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे मीटर निम्म्याहून जास्त मागे फिरवलेलं. साधारण 60 हजार ते 1 लाख किमी किंवा चार-सहा वर्षं, यातलं जे आधी येईल त्याला बदलायचा बेल्ट दहा वर्षं ओढला आणि शेवटचा हप्ता मी भरला.

विक्रेता म्हणाला, "साहेब, तुम्ही 'जशी आहे तशी' वर सही केलीय." विमा कंपनीने पॉलिसीतलं वाक्य दाखवलं: यांत्रिक बिघाड धरत नाही. इंजिन प्रोटेक्ट घेतलंय म्हणालो, तर ते पाणी शिरणं, ऑइल गळणं यासाठी असतं म्हणे.

पोलीस चौकीत साहेबांनी अर्जही न वाचता सांगितलं, "दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मीटर मागे फिरवून गाडी विकणं दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 कुणासाठी लिहिलंय? पोच द्यायलाही तयार नव्हते. आरटीओत तर कमालच. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ताब्यातल्या गाडीची माहिती कळवावी लागते. या माणसाकडे ते आहे का, एवढाच माझा प्रश्न. खिडकी क्रमांक चारने सातकडे पाठवलं, सातने वरच्या मजल्यावर, वरचे साहेब मीटिंगमध्ये. शेवटी उत्तर मिळालं: "माहिती अधिकारात अर्ज करा." ज्या नियमाची अंमलबजावणी तुमचीच, त्याची माहिती तुमच्याकडूनच माहिती अधिकारात मागायची! 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही म्हणून तक्रार बंद. म्हणजे ज्याने गप्प बसायचं तो जिंकला.

जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) तक्रार दाखल आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, वकिलाची सक्ती नाही. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, वर फार तर 15. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायद्यात छापलंय. छापलेलंच आहे ते. आम्ही तारखा घेतोय.

गाडी बघायला गेलात की बेल्टचं बिल मागा. बिलावर गाडी नंबर आणि किलोमीटर हवेत. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा आणि 12 हजार किमतीतून कापून घ्या. ओटीपीची गोष्ट ऐकली की उठा. काही इंजिनांना बेल्ट नसून चेन असते, तेही आधीच विचारून घ्या. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका. "बेल्ट नया है सर" हा त्याचा एक मेसेज माझ्याकडे राहिलाय. आयोगात सध्या सगळा भार त्याच्यावर आणि कपाटात पिशवीत ठेवलेल्या तुटक्या बेल्टवर आहे. गॅरेजवाला तो फेकून द्यायला निघाला होता.