वांद्र्याच्या पायऱ्यांवर अंकलचा सॅक्स

गेल्या शनिवारी वांद्र्याला समुद्राकाठच्या खुल्या मंचावर जॅझचा कार्यक्रम ऐकला. तिकीट 500 रुपये, वेळ साडेसहाची, सुरू झाला सात वाजून दहा मिनिटांनी. उशीर का झाला ते पुढे सांगतो, पण पैसे वसूल झाले हे आधी लिहून ठेवतो. असा कार्यक्रम पुन्हा झाला तर चुकवू नका.

मी लालबागचा. 22 वर्षं ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवला. लग्नं, वराती, गणपतीच्या मिरवणुका, सगळं केलं. त्यामुळे उघड्यावर वाजवणं काय असतं ते मला ठाऊक आहे. हॉलमध्ये भिंत तुमचा सूर तुम्हाला परत देते. रस्त्यावर फुंकलेला सूर गेला तो गेला. मग माणूस जोर लावतो, जोर लावला की सूर बिघडतो आणि तासाभरात ओठ सुजतो. पंचाहत्तरी उलटलेला माणूस समुद्राच्या वाऱ्यात आल्टो सॅक्सोफोन कसा धरतो, हेच बघायला मी गेलो होतो.

मंचावरची पोरं त्यांना अंकल म्हणत होती, म्हणून मीही अंकलच लिहितो. आयुष्यभर हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवलेला माणूस. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. बाजूला चार जण: पियानो, डबल बास (ते माणसाएवढं उंच तारांचं वाद्य), ड्रम आणि ट्रंपेट. चौघंही विशी-पंचविशीतली. ट्रंपेटवाली मुलगी तर कॉलेजातून थेट आल्यासारखी, पाठीवर सॅक तशीच.

आता तक्रार. साउंडवाल्यांनी लोकांकडे तोंड करून दोन मोठे स्पीकर लावले होते, पण पियानोवाल्याच्या पायाशी मॉनिटरच नव्हता, म्हणजे वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवतात तो स्पीकर. तो मुलगा इलेक्ट्रिक पियानो वाजवत होता. त्या वाद्याला स्वतःचा आवाज नसतो, स्पीकरमधून येईल तेवढाच. म्हणजे बिचाऱ्याला स्वतःचीच बोटं ऐकू येत नव्हती. चाळीस मिनिटं वायरी इकडून तिकडे झाल्या आणि शेवटी तसंच सुरू केलं. पहिल्या दोन चिजांत पियानो आणि ड्रम एकमेकांपासून सुटत होते. लोकांना कळलं नसेल, मला कळत होतं आणि जीव खाली-वर होत होता.

अंकलनी काय केलं, तर माइक सोडला. सरळ चालत पियानोपाशी गेले, त्या मुलाच्या खांद्याशी उभे राहिले आणि माइकशिवाय, त्याच्या कानाशी मूळ चाल वाजवायला लागले. पायऱ्यांवर आम्हाला सॅक्स जेमतेम ऐकू येत होता. आठ-दहा बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) पियानो जागेवर आला, त्याच्यामागे ड्रम आला, मग अंकल सावकाश माइककडे परतले. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर स्वतःचा आवाज बाजूला ठेवायचा आणि पोराला लय द्यायची! मोठमोठ्या वस्तादांना मी असं करताना पाहिलेलं नाही.

मग बारा बारचा ब्लूज घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बारा बारचा एक फेरा असतो, तो पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि त्यावर प्रत्येकाने आपलं काहीतरी बोलायचं. फेरा संपून पहिल्या बारवर येणं म्हणजे आपल्याकडे समेवर येणं. ट्रंपेटवाल्या मुलीची पाळी आली. पहिल्या फेऱ्यात तिने येत होतं तेवढं सगळं वाजवलं, सुसाट. दुसऱ्यात तेच उलटसुलट केलं. तिसऱ्याच्या सुरुवातीला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. ट्रंपेट ओठाला, बोटं व्हॉल्व्हवर, आणि आवाज नाही.

अशा वेळी मोठा वादक मध्ये शिरतो आणि वेळ सांभाळून नेतो. अंकल शिरले नाहीत. सॅक्स गळ्यात तसाच लटकत ठेवला आणि डाव्या हाताचा पंजा जमिनीकडे दाबला. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, पियानो थांबला. मागे फक्त बास चालत होता, एकेका मात्रेवर एकेक पाऊल. चार बार असे गेले. लाटा ऐकू आल्या, मागच्या रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न ऐकू आला. मग तिने एकच सूर वाजवला. थांबली. तोच सूर पुन्हा, या वेळी मात्रेच्या जरा मागे. तिसऱ्यांदा आणखी मागे. अंकल माइकपासून लांब होते तरी त्यांचं ‘हां’ आमच्या ओळीपर्यंत आलं. त्यानंतर तिने आणखी तीन फेरे वाजवले, आणि त्यातला एकही सूर पाठ केलेला नव्हता.

आमच्या बँडच्या वस्तादांनी मला पहिला सोलो दिला तेव्हा मी 31 वर्षांचा होतो. त्याआधी एकदा वरातीत सूर चुकला म्हणून सहा महिने मागच्या रांगेत होतो. ते वाईट नव्हते, शिकवायची तीच पद्धत होती. पण त्या मुलीला चार बारची शांतता मिळालेली बघून माझे डोळे भरून आले.

माझे बाबा ट्रंपेट वाजवायचे. आमच्या बँडच्या वहीत ‘अलबेला’ची गाणी कायम असत. चित्रपट 1951चा, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे गोव्याचे चिक चॉकलेट हे त्या वेळी मुंबईतले नावाजलेले जॅझ ट्रंपेटवाले. म्हणजे परळ-लालबागच्या वरातींमध्ये जॅझ वाजतच होतं, आम्ही त्याला ते नाव देत नव्हतो एवढंच. 1978 मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा जॅझचा महोत्सव झाला, अमेरिकेचे नामांकित सॅक्सोफोनवाले सॉनी रॉलिन्स आले होते. मी चौदा वर्षांचा. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून बाबांनी मला बाहेर फुटपाथवर उभं केलं आणि म्हणाले, “डोळे मीट नि कान उघड.” छप्पर नसलेल्या थिएटरचा तो फायदा होता, बाहेरच्यालाही मिळायचं. पुढे आवाजाचे नियम आले. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवन मुकं झालं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, आजाऱ्याला झोप हवीच. पण त्या जागेच्या बदल्यात नवीन पोरांना उभं राहायला दुसरी जागा मिळाली नाही. म्हणून अशा पायऱ्यांवरचा प्रत्येक कार्यक्रम मला मोलाचा वाटतो.

मध्यंतरानंतरची एक गोष्ट वाद्यवाल्यांनी लक्षात ठेवावी. अंधार पडला, वारा गार झाला. हवा गार झाली की फुंकीच्या वाद्याचा सूर उतरतो. इलेक्ट्रिक पियानोचा सूर मात्र हलत नाही. पहिल्याच चिजेत सॅक्स केसभर खाली लागला. अंकलनी बासचा सोलो चालू असताना पाठ फिरवली, माउथपीस, म्हणजे फुंकायचं तोंड, कॉर्कवर किंचित आत सरकवला (त्याने सूर चढतो), त्यावरची रीड, म्हणजे पातळ पट्टी, ओठांत धरून ओली केली आणि वळले. पुढचा सूर पियानोला चिकटून लागला. माझ्या शेजारचा तरुण मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याच्या हे ध्यानातही आलं नाही. मी त्याला सांगितलं, तर त्याने फोन खाली ठेवला आणि उरलेला कार्यक्रम नुसता ऐकला.

पोरांच्या स्टँडवरचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे चिमटे लावले होते. तरी एक पान उडालंच. बासवाल्याने ते जाताना पाहिलं आणि वाजवत राहिला. त्या मुलावर लक्ष ठेवा. त्या संध्याकाळी सगळ्यांत कमी चुका त्याच्या झाल्या आणि सगळ्यांत कमी टाळ्याही त्यालाच मिळाल्या.

दहाच्या ठोक्याला पाच मिनिटं असताना संपवलं. नियम दहाचा आहे आणि आयोजकांनी तो पाळला, त्याबद्दल त्यांचे आभार.

जाणाऱ्यांसाठी: पायऱ्या दगडी आहेत, बसायला जाड चादर न्या. पुढच्या दोन ओळी टाळा, तिथे स्पीकर कानावर आदळतो. मधल्या ओळींत डावीकडे बसलात तर ड्रमवाल्याचे हात दिसतात. संपल्यावर रिक्षा मिळत नाही, बराच वेळ चालायची तयारी ठेवा. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणीतरी असू द्या.

आयोजकांना एकच विनंती. पियानोपाशी एक मॉनिटर ठेवा, आणि साउंड चेक लोक यायच्या आधी उरकून घ्या. पुढच्या खेपेला मी दोन तिकिटं काढणार आहे. नातू अकरा वर्षांचा आहे, बाबांचा ट्रंपेट आता त्याच्याकडे आहे, आणि त्याला मी आतमध्ये, मधल्या ओळीत बसवणार आहे.