कुंभारकामासाठी सारख्या जाडीची मातीची स्लॅब: मशीन घ्यावं की पट्ट्यांवर लाटावं?

तारेने कापायची पद्धत आधीच बाजूला ठेवतो. फूटभर रुंदीच्या पुढे तार मधोमध झोल खाते आणि मातीत ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) असेल तर खडा ओढत नेऊन चरा पाडते. छोट्या टाइल्सना ठीक आहे. खरा प्रश्न रोलर मशीन की लाटणं, हाच.

मोठ्या स्लॅब रोजच्या रोज काढायच्या असतील किंवा मनगट साथ देत नसेल तर मशीन जरूर घ्यावं. फक्त २५ मिमीचा गोळा एका फेरीत ६ मिमीवर आणू नका, कडा फाटतात. आधी थापून घ्या, मग दोन-तीन फेऱ्यांत, दर वेळी काटकोनात फिरवून उतरवा.

पण मशीनला मातीच्या वर-खाली कॅनव्हास लागतं आणि माझं मत तिथेच फिरलं. पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला आषाढ-श्रावणात ते वाळतच नाही. ओलं कापड मातीला चिकटतं, माती पसरते, कापड सरकत नाही आणि रोलरखाली चुणी पडते. वरचं कापड उचलेपर्यंत ती दिसतही नाही. रबर रिबने (माती गुळगुळीत करायच्या रबरी पट्टीने) बुजवली तरी तिथली माती पातळच राहते. वाळताना किंवा भट्टीत चीर जाते ती बहुधा तिथूनच.

मातीच्या दोन्ही बाजूंना हव्या त्या जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवर लाटताना चार-पाच हात फिरले की स्लॅब उचलून उलटायची, काटकोनात वळवायची. कापड चिकटण्याआधीच सुटतं. खाली मांजरपाटाचे तीन-चार तुकडे आलटून पालटून घ्यावेत. सगळीकडून सारखी दाबली गेल्याने स्लॅबचे कोपरेही कमी उचलतात.

घरातलं पोळ्यांचं लाटणं मात्र चालत नाही: टोकांना निमुळतं, शिवाय आखूड. कातारीकडून १८ इंची, ५० मिमी व्यासाचं सरळ सागवानी लाटणं कातून घ्या. त्यावर १४ इंचांपर्यंत रुंद स्लॅब निघते, त्याहून मोठी हवी असेल तर मशीनच बरं. लाकडी पट्ट्या पावसात फुगतात, म्हणून हार्डवेअरमधून ६ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची फ्लॅट पट्टी आणून दोन सारखे तुकडे करावेत.

जत-आटपाडीकडे कॅनव्हास लवकर वाळतं, त्यामुळे माझी तक्रार तिथे फारशी लागू नाही. तिथे त्रास कडांचा: उन्हाळ्यात त्या आधी सुकतात आणि स्लॅब वाकते. दोन जिप्सम बोर्डांमध्ये ठेवून कडांवर प्लास्टिक गुंडाळलं, की मधला भाग बरोबरीने वाळतो.