थर्मल पेस्ट की थर्मल पॅड?

लॅपटॉप उघडला की हीटसिंकखाली (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाखाली) उष्णता पुढे नेणारी पेस्ट आणि मऊ पॅड दोन्ही सापडतात, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पेस्ट प्रोसेसरसाठी. तिथे धातू चिपला जवळजवळ टेकलेला असतो, फक्त सूक्ष्म खाचा भरायच्या असतात. जुनी पेस्ट ९०% किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग लहान चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. स्क्रू तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा. वारंवार तापून-थंड होऊन पातळ पेस्ट कडेला सरकते. म्हणून उघड्या (वर धातूचं झाकण नसलेल्या) चिपवर घट्ट पेस्टच बरी.

पॅड मेमरी आणि व्होल्टेज रेग्युलेटरसाठी (वीजदाब नियंत्रित करणाऱ्या भागांसाठी), जिथे खरी फट असते. इथे सगळा खेळ जाडीचा: ०.५, १ की १.५ मिमी? जुना पॅड दबलेला असतो, त्यामुळे न दबलेल्या कडेला मोजा. पॅड जाड झाला तर हीटसिंक वर उचलला जातो आणि प्रोसेसरच तापतो. नवा पॅड लावल्यावर तापमान वाढलं तर आधी हेच तपासा. पातळ झाला तर टेकतच नाही. दोन्ही बाजूंची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका.

जाडी नक्की कळत नसेल तर फाटलेला नसलेला जुना पॅड तसाच ठेवून फक्त पेस्ट बदला.