'आयव्हॅन्हो' घ्या, पण प्रकरणांच्या माथ्यावरच्या ओळींसकट

सर वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' (डिसेंबर १८१९) आपल्याकडे अनेकांना माहीत असते ती संक्षिप्त रूपात: घोड्यावरून भाल्यांनी खेळायच्या झुंजी, काळा सरदार, रॉबिन हूड, जळता किल्ला. मूळ कादंबरी ४४ प्रकरणांची, आणि प्रकरण उघडते ते एखाद्या जुन्या कवितेच्या वा नाटकाच्या चार ओळींनी. संक्षेप करणाऱ्यांची कात्री पहिल्यांदा चालते ती यांच्यावर. कथानक त्यामुळे अडत नाही, पण स्कॉटची निम्मी खोडी निघून जाते.

सगळ्यात चांगला नमुना २२व्या प्रकरणाचा. माथ्यावर शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक या ज्यू सावकाराचा आक्रोश: माझी मुलगी, माझी नाणी! खाली टॉर्किलस्टोन किल्ल्याच्या तळघरात आयझॅक हा ज्यू सावकार कोंडलेला. किल्लेदार फ्राँ-द-बफ त्याच्याकडे हजार पौंड वजनाची चांदी मागतो; शेगडी पेटते, वर लोखंडी सळया तापत ठेवतात. घासाघीस करत आयझॅक कबूल होतो. इथवर वाचकाला शायलॉकच दिसतो. मग मुलगी रिबेका दुसऱ्याच्या हवाली केल्याचे त्याला कळते, आणि तोच माणूस सांगतो की आता एक दमडीही मिळणार नाही, काय छळ करायचा तो करा. माथ्यावरची ओळ मुलगी आणि पैसा एकाच दमात रडते. आयझॅक दोन्ही वेगळे करून दाखवतो. ही ओळ गाळली तर प्रसंग नुसता करुण उरतो, शेक्सपिअरला दिलेले उत्तर राहत नाही. याची पेरणीही आधीच झालेली आहे: पाचव्या प्रकरणात, सेड्रिक या सॅक्सन जमीनदाराच्या दिवाणखान्यात आयझॅकला कोणी बसायला जागा देत नाही तेव्हा, माथ्यावर त्याच नाटकातले 'ज्यूला डोळे नसतात का?' आहे.

दुसऱ्या प्रकरणातले काम साधे, पण नेमके. इंग्रज कवी चॉसरच्या शिकारी, शौकीन मठवाशाचे वर्णन माथ्यावर येते, ज्याच्या लगामाचा आवाज वाऱ्यात खुळखुळतो. खाली प्रायर (मठाचा प्रमुख) एमर येतो तो चांदीच्या घुंगरांचा लगाम घातलेल्या खेचरावर. चॉसर चौदाव्या शतकातला आणि गोष्ट ११९४च्या सुमाराची, ही विसंगती काढत बसू नये. या ओळी पात्रांच्या कानावर पडतच नाहीत. लेखक वाचकाशी परस्पर बोलतो आहे.

२१ ते २४ या प्रकरणांत किल्ल्याच्या चार खोल्यांतले प्रसंग एकाच वेळी घडतात. सेड्रिकच्या आश्रयाला असलेल्या रोवेनाच्या खोलीवर शेक्सपिअरचा जबरदस्तीचा प्रणय, रिबेकाच्या खोलीवर सिंहाने मादीला जिंकण्याची ओळ. खोली बदलली हे वाचकाला आधी तिथेच कळते. २९व्यात रिबेका खिडकीतून लढाई पाहून जखमी नायकाला, आयव्हॅन्होला, सांगत जाते. माथ्यावर जर्मन नाटककार शिलरच्या 'मेड ऑफ ऑर्लिन्स'मधली बुरुजावर चढून लढाईची खबर द्यायची आज्ञा आहे. युक्ती कुठून घेतली ते स्कॉट असा उघड सांगून मोकळा होतो.

सगळी अवतरणे खरी मानू नका. ३०व्या प्रकरणावर, फ्राँ-द-बफच्या मृत्यूआधी, 'जुने नाटक' एवढाच उल्लेख आहे आणि त्यात कोणी अँसेल्म मरतो. ते नाटक शोधायला जाऊ नका. 'द अँटिक्वरी'ची (१८१६) मुद्रिते तपासताना स्कॉटने आपला मित्र जॉन बॅलंटाइनला एक उतारा शोधायला सांगितला होता. तो सापडेना, तेव्हा तू शोधेपर्यंत मीच रचतो, म्हणून त्याने ओळी रचल्या, असे त्याचा जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट लिहितो. १८२७मध्ये स्कॉटने स्वतःही मान्य केले की यांतल्या बऱ्याच ओळी घरच्याच. आजच्या ऐतिहासिक प्रेमकथांत सोयीची 'जुनी पत्रे' आणि 'बखरी' माथ्यावर दिसतात, त्यांचे मूळ घराणे हेच.

सगळीकडे मात्र जमलेले नाही. ३१व्यावर 'हेन्री द फिफ्थ'मधली खिंडारावर पुन्हा धडक मारायची हाक आहे आणि खाली किल्ल्यावर हल्ला. जे होणार तेच आधी ओरडून सांगितले. हाती काही लागत नाही.

आवृत्ती निवडताना दोन गोष्टी बघा. टिपा हव्या असतील तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्स (संपादक इयन डंकन) किंवा पेंग्विन क्लासिक्स (संपादक ग्रॅहॅम टलक) घ्या. कोणती ओळ उसनी, कोणती रचलेली, हे टिपांशिवाय ओळखणे अवघड. तीन खंडांची मूळ मांडणी पाळणाऱ्या आवृत्तीत प्रकरणांचे आकडे प्रत्येक खंडात नव्याने सुरू होतात, म्हणून वरचे क्रमांक सलग मोजूनच लावा. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरची फुकट प्रत संपूर्ण आहे, ओळीही आहेत. फोनवर अक्षर मोठे केले की कवितेच्या ओळी मध्येच तुटतात, त्यामुळे अक्षर एक पायरी कमी ठेवा किंवा फोन आडवा धरा. ऐकीव आवृत्तीत या ओळी निवेदनात मिसळून जातात. पहिल्या वाचनासाठी ती टाळलेलीच बरी.