हार्ड डिस्क ‘उडाली’ म्हणून साडेपाच हजार

मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीवर १८ तारखेला सकाळी कॉम्प्युटर सुरू होईना. निळा पडदा, त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, रीस्टार्ट केलं तरी तेच. जीएसटीचा ३बी (मासिक विवरणपत्र) २० तारखेपर्यंत भरायचा, म्हणून दिवाणजींनी सीपीयू उचलून थेट दुकान गाठलं. अर्ध्या तासात निदान: “हार्ड डिस्क उडालीय बघा.” बिल ५,५०० रुपये. त्यात २५६ जीबीची नवी एसएसडी (नव्या प्रकारची, वेगवान डिस्क), विंडोज आणि वर डेटा रिकव्हरी. जुनी डिस्क “भंगारातच जाणार” म्हणून दुकानदारानंच ठेवून घेतली.

मेख इथंच आहे. त्या ‘उडालेल्या’ डिस्कवरून सगळी खाती तासाभरात नव्या डिस्कवर आली. मरायला टेकलेली डिस्क सहसा अशी सुरळीत कॉपी होत नाही. अडखळते, मधेच थांबते. खरं कारण आदल्या दिवशीचं होतं. सगळे ड्रायव्हर (कॉम्प्युटरचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) फुकट अपडेट करून देतो म्हणणारं एक सॉफ्टवेअर कुणीतरी टाकलं होतं आणि त्यानं स्टोरेज कंट्रोलरचा, म्हणजे डिस्कशी बोलणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर बदलला. मग सुरू होताना विंडोजला डिस्क वाचताच येईना. पडद्यावरच्या संदेशाचा अर्थही तेवढाच. पण इंग्रजी ओळ दाखवून पैसे काढायला ती फार सोयीची!

सीपीयू दुकानात नेण्याआधी बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) डिस्कचं नाव दिसतं का बघा. कंपनीनुसार डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉस उघडतं. तिथं डिस्क दिसतच नसेल किंवा आतून टकटक येत असेल, तर आधी केबल तपासा, मग डिस्कवर संशय घ्या. नाव दिसत असेल आणि बिघाड नवं सॉफ्टवेअर टाकल्यावरच सुरू झाला असेल, तर संशय त्या सॉफ्टवेअरवर.

गरजेपुरत्याच ड्रायव्हरवर विंडोज चालवणाऱ्या ‘सेफ मोड’साठी पूर्वी एफ८ दाबायचे; विंडोज १० आणि ११ मध्ये त्यानं सहसा काही होत नाही. सुरू होणं दोन-तीनदा फसलं की निळा रिपेअर मेनू आपोआप येतो. त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबलं की सेफ मोड. तिथं डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’, म्हणजे जुना ड्रायव्हर परत. काही प्रोग्रॅम सेफ मोडमध्ये अनइन्स्टॉल होत नाहीत, कारण विंडोज इन्स्टॉलरची सेवा तिथं बंद असते; ते नेहमीच्या मोडमध्ये आल्यावर काढा. सेफ मोडही उघडला नाही, तर त्याच मेनूत सिस्टम रिस्टोअर आहे. आदल्या तारखेचा पॉइंट, म्हणजे तेव्हा साठवलेली विंडोजची स्थिती, निवडा. आपल्या फायलींना धक्का लागत नाही. मात्र हे पॉइंट साठवणारं सिस्टम प्रोटेक्शन बंद असेल तर पॉइंटच सापडणार नाही, आणि बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. ते आजच चालू करून ठेवा. लॅपटॉपनं ४८ अंकी बिटलॉकर की (डिस्कच्या कुलपाची किल्ली) मागितली, तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा. ती मिळेपर्यंत कुणालाही फॉरमॅट मारू देऊ नका.

विंडोजच्या ‘नव्या लायसन्स’चे पैसेही बहुतेकदा उगाच. आधी अ‍ॅक्टिव्हेट असलेलं मशीन, मदरबोर्ड तोच आणि आवृत्ती तीच असेल, तर इंटरनेट लागताच पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं.

दुरुस्तीला देताना डिस्कवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, आणि बदललेला पार्ट परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. हे लिहायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडे सीपीयू ठेवूच नका.